पानामागचा दर

जुने कागद, पोथ्या, नकाशे दुरुस्त करून टिकवण्याच्या कामात पैसा का नाही, या विषयावर मी आजवर पुष्कळ भाषणं ठोकली आहेत. सरकारला कदर नाही, संस्थांकडे निधी नाही, निविदांची पद्धत चुकीची, लोकांना वाटतं सेलोटेप लावला की झालं. यातलं काही खोटं नव्हतं. फक्त दोषींच्या यादीत मी स्वतःचं नाव कधी घेतलं नाही. आता काम जवळपास आवरतं घेतलं आहे. मध्यंतरी हिशेबाच्या जुन्या वह्या रद्दीत देण्याआधी चाळत बसले आणि तिथे जे दिसलं, त्यानं माझ्याच भाषणांची लाज वाटली.

मी शिकले दिल्लीला. राष्ट्रीय संग्रहालय संस्थानाला १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता आणि संस्था तेव्हा जनपथवर संग्रहालयाच्याच इमारतीत होती. वर्गात मुली जास्त. बहुतेकींचे वडील सरकारी अधिकारी, प्राध्यापक किंवा डॉक्टर. दिल्लीत दोन वर्षं राहायचं, पुढे नोकरीची शाश्वती नाही, तरी घरचे पाठवतात, अशाच घरातल्या आम्ही. तेव्हा हे खटकलं नाही. पुढे चार्ल्स वॉलेस न्यासाची शिष्यवृत्ती मिळून काही महिने लंडनला गेले, तर तिथल्या कार्यशाळेतही बायकाच बायका, त्याही सहा-आठ महिन्यांच्या कंत्राटावर. मला वाटलं, हे कामच बायकांच्या स्वभावाला धरून आहे. चिकाटी, नजर, हलका हात. हा गैरसमज मी पुढे माणसं घेताना वापरला, आणि त्याचा फायदा मलाच झाला.

पुण्याला आल्यावर सदाशिव पेठेत सासऱ्यांच्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत काम सुरू केलं. भाडं नव्हतं. नवरा पिंपरीच्या कंपनीत, त्याचा पगार एक तारखेला हमखास. मी काही कमावलं तर बरं, नाही तर काही अडत नव्हतं. ‘स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला व्यवसाय’ असं मी एका मुलाखतीत सांगितलं होतं. कात्रण अजून आहे.

दरांचा हिशेब जरा सविस्तर सांगायला हवा, कारण सगळी गोम तिथेच आहे. दफ्तरखान्याचं काम निविदेनं निघतं आणि दर पानामागे मागवला जातो. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात जे पात्र ठरतील, त्यांच्यातला सर्वांत कमी दर घेतात. आता पान म्हणजे काय? पेशवाईतला मोडी कागद असेल तर तो हातानं बनवलेला, चिवट, आणि शाई काजळाची. काजळ कागद खात नाही, पण पाण्याला भितं, त्यामुळे धुताना जीव मुठीत धरावा लागतो. इंग्रजी अमदानीतला गिरणीचा कागद असेल, तर लोखंडी शाईनं अक्षरांच्या जागी भोकं पडलेली असतात आणि घडीवर बोट ठेवलं की भुगा होतो. एकाला अर्धा तास लागेल, दुसऱ्याला दोन तास. निविदेत दोन्हीला ‘पान’च म्हणतात. दफ्तर बांधलेला रुमाल सोडायचा, धूळ झटकायची, पानांना क्रमांक द्यायचे, शाई फुटते का ते कडेला थेंब टाकून बघायचं, आम्ल काढायचं, जपानी टिश्यू किंवा शिफॉन खळीनं चढवायचं, टिपकागदांत वाळवायचं, दाबाखाली ठेवायचं, कडा कापायच्या. मुरलेली बाई दिवसाला दहा-बारा पानं करते. त्याहून जास्त करत असेल, तर ती काहीतरी गाळते आहे.

अशाच एका निविदेत मी पानामागे ४८ रुपये भरले होते. बारा पानांचे ५७६ होतात. त्यातला तिसरा हिस्सा साहित्याचा, कारण टिश्यू आणि टिपकागद स्वस्त मिळत नाहीत. मग वीज, वाहतूक, हिशेबनीस, अडकलेली अनामत. उरतं त्यातून त्या बाईची रोजंदारी. वहीत बघितलं तर जागाभाड्यापुढे शून्य, आणि माझ्या पगाराचा तर रकानाच आखलेला नव्हता. म्हणजे दर काम बघून ठरलाच नव्हता. वाडा सासऱ्यांचा होता आणि नवरा नोकरीत होता, यावरून तो ठरला होता.

त्या निविदेत दुसऱ्या क्रमांकावर एक गृहस्थ होते. संग्रहालयातली नोकरी सोडून स्वतंत्र झालेले, कामाला माझ्यापेक्षा सरस, हे मी तेव्हाही मनात कबूल केलं असतं. त्यांचा दर ९०. निकाल लागल्यावर त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, खरंच कुतूहल होतं. “ताई, तुम्हाला हे परवडतं कसं?”

“कामावर प्रेम असलं की परवडतं,” मी म्हणाले.

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं आहे. त्यांनी पुढे दोन-तीन वर्षं तग धरला आणि मग फोटोफ्रेमचं दुकान टाकलं. भाड्याची जागा, दोन मुलं, घरात दुसरा पगार नाही. त्यांना प्रेम कमी पडलं असं नाही. माझ्या नवऱ्याच्या पगारानं मी बाजारभाव पाडला आणि त्यात ते गेले.

माणसं घेताना मी मुलींना हमखास विचारत असे, “मिस्टर काय करतात?” किंवा “वडील काय करतात?” आपुलकीनं विचारल्यासारखं. घरात दुसरी मिळकत आहे का, हे मला त्यातून कळायचं. असली की मी पगार कमी सांगायची आणि ती मान डोलवायची. ‘मुलींना या कामाची आवड असते’ हे माझं निरीक्षण असं तयार झालं होतं. ज्यांना त्या पगारात राहणं शक्य होतं त्याच राहिल्या. बाकीच्या आल्या तशा गेल्या आणि माझ्या निरीक्षणातून वगळल्या गेल्या.

मध्येच एक मुलगा आला. चुणचुणीत, पण कामाला तसा सर्वसाधारण. त्याला मी सुरुवातीपासून दोन हजार जास्त दिले, कारण त्याला ‘घर चालवायचं होतं’. समान कामाला समान वेतन देण्याचा १९७६ चा कायदा तेव्हा लागू होता आणि मला तो माहीत होता. एका परिसंवादात मी तो उद्धृतही केला होता. दिवाळीच्या पाकिटांवरून बोनसची रक्कम फुटली तेव्हा आमच्या सगळ्यांत जुन्या मावशी पुढे आल्या. या मावशी विधवा. दोन मुलांना त्यांनी याच पगारावर वाढवलं होतं आणि शिफॉन चढवण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. “त्याला घर आहे, मग आमची काय धर्मशाळा आहे का, बाई?” एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा पगार वाढवला. बाकीच्यांचा नाही वाढवला, कारण बाकीच्यांनी विचारलं नव्हतं.

हजेरीपटाचीही एक गोष्ट सांगून टाकते. आमच्याकडे पटावर कायम नऊजण असायचे. काम कितीही आलं तरी नऊच. दुकानं आणि आस्थापनांना बाळंतपणाच्या रजेचा १९६१ चा कायदा तेव्हा दहा माणसांपासून लागू होत असे. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदाही दहापासून. हिशेबनिसानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, “मॅडम, दहावं माणूस पटावर घेऊ नका.” मी घेतलं नाही. दोन मुलींनी बाळंतपणासाठी काम सोडलं. मी ओटी भरून निरोप दिला आणि ‘मुली टिकत नाहीत हो’ असं लोकांना सांगत राहिले.

दहावं माणूस होतंच. आमचे बाइंडर चाचा. कसबा पेठेतल्या बाइंडिंगच्या दुकानात उमेदवारी केलेले, साठीला आलेले. त्यांना मी पुस्तकामागे रोख पैसे देत असे, सही नाही, पावती नाही. सुरुवातीला मी त्यांना शिकवायला गेले होते. ते खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. मोरचुदानं पुढे कागद खराब होतो, हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी मान्य केलं आणि लगेच बंद केलं. मी मात्र त्यांचं काय मान्य केलं? पावसाळ्यात खळ किती घट्ट ठेवायची, कुठल्या कागदाला कुठल्या अंगानं ताण द्यायचा, जुनी शिवण न उसवता पाठ कशी मोकळी करायची, हे सगळं मी त्यांच्याकडून उचललं आणि कार्यशाळांतून शिकवताना ‘आमच्या स्टुडिओत विकसित झालेली पद्धत’ म्हणाले.

आता मी केलेल्या एका पाहणीबद्दल. एका राष्ट्रीय बैठकीसाठी मला विषय दिला होता: आपल्या क्षेत्रात कोण काम करतं आणि त्यांना काय मिळतं. मी उत्साहानं प्रश्नावली काढली, इंग्रजीत, आणि ईमेलनं पाठवली. कुणाला पाठवायची, हा प्रश्न मला फार अवघड वाटला नाही. कॉन्झर्वेटर म्हणजे या विषयातली पदवी किंवा पदविका असलेला. आधाराला कागदही होता. आयकॉम या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या जतन समितीनं १९८४ मध्ये कोपनहेगनला या व्यवसायाची व्याख्या केली, तीत हे काम कला आणि कारागिरीच्या इतर व्यवसायांपासून वेगळं असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. व्याख्येमागची कळकळ खरी होती. अर्धवट शिकलेल्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली केलेली नासधूस सगळ्यांनी पाहिली होती. पण ती व्याख्या मी चाळणीसारखी वापरली. आणि नासधुशीचंच म्हणाल, तर अजिंठ्याच्या चित्रांवर १९२०–२२ मध्ये लाखेचं रोगण चढवलं ते काही गावच्या रंगाऱ्यानं नव्हे. निजाम सरकारनं इटलीहून मुद्दाम बोलावलेल्या लोरेन्झो चेक्कोनींच्या हाताखाली ते काम झालं. पुढे ते रोगण पिवळं पडलं आणि आपल्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. असो.

उत्तरं आली ती ओळखीच्याच माणसांकडून. निष्कर्ष मला आधीच माहीत होता आणि तोच निघाला: बहुसंख्य स्त्रिया, तरुण, उच्चशिक्षित, पगार तुटपुंजा. जोडीला मी अमेरिकेतली मेलन फाउंडेशनची २०१५ ची पाहणी दाखवली. तिथल्या कलासंग्रहालयांत एकूण कर्मचाऱ्यांपैकी ६० टक्के स्त्रिया. पण क्युरेटर, कॉन्झर्वेटर, शिक्षण विभाग आणि वरिष्ठ पदं मिळून पाहिलं तर ८४ टक्के गोरे, कृष्णवर्णीय ४ टक्के. पहारा आणि इमारतीची देखभाल करणाऱ्यांत चित्र बरंच वेगळं. मी ठणकावून म्हणाले, पाहा, ते निदान स्वतःला आरशात बघतात! माझ्या प्रश्नावलीत जातीचा रकाना नव्हता. विचारणं असभ्य दिसेल, असं वाटलं होतं. खरं तर विचारायची गरजच नव्हती, आडनावं समोर होती. मला वाचता येत होती आणि मी वाचली नाहीत.

टाळ्या छान पडल्या. चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. एका अभिलेखागारातून मेंडर म्हणून निवृत्त झालेले, त्या दिवशी प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलेले. मेंडर हे सरकारी दफ्तरखान्यातलं जुनं पद आहे, फाटके कागद सांधणाऱ्याचं. कप हातात धरून त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमच्या तक्त्यात आम्ही कुठल्या रकान्यात येतो?”

“तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे,” मी म्हणाले.

“वेगळा कसा? कागद तोच की.” ते हसले आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्या वेळी निम्मंच ऐकलं. त्यांना पेन्शन होती. नोकरी पक्की होती, रजा होत्या, मुलांची शिक्षणं झाली होती. “आम्ही एकेक करून निवृत्त होतो आहोत, पण जागा भरत नाहीत. आमचं काम आता तुमच्याकडे येतं ना, पानावारी?”

घरी येऊन मी आकडे काढून पाहायला हवे होते. पाहिले ते कित्येक वर्षांनी, या वह्या चाळताना. सातव्या वेतन आयोगानं २०१६ पासून केंद्र सरकारात सर्वांत खालच्या पायरीचं मूळ वेतन १८,००० रुपये केलं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. राज्यात ती पायरी १५,००० ची. त्याच सुमारास माझ्याकडे एम.ए. झालेल्या मुलीला मी महिन्याला १४,००० देत होते, आणि ते मला बरे वाटत होते. म्हणजे सरकारी दफ्तरात धूळ झटकणारा शिपाई माझ्या पदव्युत्तर मुलीपेक्षा जास्त कमावत होता, आणि त्याला म्हातारपणाची काळजी नव्हती. या कामात पैसा नाही, हे माझं पालुपद. पैसा होता. जिथे पद होतं तिथे होता. ती पदं रिकामी ठेवणं सोयीचं का झालं? कारण तेच काम बाहेर ४८ रुपयांत करून देणारी मी बसले होते. मी ‘शोषण’ म्हणून जे तक्त्यात मांडलं ते घडवण्यात माझा वाटा होता, आणि ज्यांची पदं माझ्या दरानं आटली त्यांना मी तक्त्यातूनही वगळलं होतं.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या संग्रहालयांतल्या काहीजणांनी एक खुला तक्ता फिरवला. ज्यानं त्यानं नाव न देता आपलं पद आणि पगार लिहायचा. बघता बघता तो जगभर गेला. माझ्या एका विद्यार्थिनीनं मला तो पाठवून लिहिलं, आपण आपल्याकडे असं करूया का? मी तिला समजावलं की आपलं क्षेत्र लहान, दोन ओळींत माणूस ओळखू येतो, उगाच कटुता होईल. तिनं नाद सोडला. कटुता कुणाला झाली असती, ते वेगळं सांगायला नको.

बिनपगारी उमेदवारीचंही तसंच. दर उन्हाळ्यात दोन-तीन मुली यायच्या, सहा महिने फुकट काम करायच्या, मी प्रमाणपत्र द्यायची. एकदा बीडकडची एक मुलगी आली. हात चांगला, मोडी येत होती, जे माझ्या पदवीधरांपैकी एकीलाही धड येत नव्हतं. तिनं पहिल्याच भेटीत विचारलं, “मानधन किती?” मला ते आवडलं नाही. “आधी शिकून तर घे,” म्हणाले. ती पुण्यात राहणार कुठे, खाणार काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढे कुठल्या तरी बँकेत लागल्याचं कळलं. मोडी वाचणारी माणसं मिळत नाहीत, अशी तक्रार मी आजही करते.

चाचा गेले तेव्हा त्यांच्या मुलाला मी एक रक्कम नेऊन दिली. ग्रॅच्युइटी धरली असती तर किती झाली असती, याचा अंदाज करून. अंदाजच, कारण ते किती वर्षं आमच्याकडे होते, याची माझ्याकडे एकही लेखी नोंद नाही. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी सांभाळल्या, त्या बाईच्या दफ्तरात. मुलानं पैसे मोजून घेतले आणि विचारलं, “हे कशाचे?” मी ‘बाकी होती’ म्हणाले.

शेवटची निविदा मी वेगळ्या तऱ्हेनं भरली. जागेचं चालू बाजारभावानं भाडं धरलं, माझा पगार धरला, सगळी माणसं पटावर, रजा, ग्रॅच्युइटी. पानामागे २१० रुपये आले. काम मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. सर्वांत कमी दर होता ६५, आणि तो भरला होता माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं. काही दिवसांनी तिचाच फोन आला. शिफॉन कुठून घ्यावं, म्हणून. मी तिला विचारलं, “तुला परवडतं कसं गं?”

“बाबांचा फ्लॅट रिकामाच पडला होता, मॅडम. आणि हा आहे ना नोकरीत.”

मी तिला त्या फोटोफ्रेमवाल्या गृहस्थांची हकिकत सांगितली. रिकाम्या ठेवलेल्या पदांचं सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, “पण मॅडम, मी दोनशे भरले असते तर मला काम मिळालं असतं का?”

“नाही.”

“तेच तर.”

तिला शिफॉनवाल्याचा नंबर दिला आणि माझा हिशेबाचा नवा तक्ता पाठवला, सगळ्या रकान्यांसकट. पुढच्या निविदेत तिनं त्यातला एक रकाना भरला, भाड्याचा. ते काम दुसऱ्याच कुणाला तरी गेलं.